पोस्टकार्ड ते रील: वकिलाने आपलं नाव सांगायचं की नाही?

तर झालं असं, की गेल्या रविवारी दुपारी माझी मामेबहीण घरी आली. एका हातात मोबाईलचं स्टँड, दुसऱ्या हातात तो गोल दिवा, आणि पर्समध्ये कॉलरला लावायचा चिमुकला माईक. "दादा, तू कॉम्प्युटरवाला ना, मग तुला व्हिडिओ काढता येत असणारच." आमच्या घरी सॉफ्टवेअरवाला म्हणजे प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत सगळं दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

ही बहीण वकील आहे. मूळची साताऱ्याची. सनद मिळाल्यावर पुण्यात आली, दोन वर्षं एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काढली आणि आता तीन वर्षं स्वतःची प्रॅक्टिस करते. घराण्यात तिच्या आधी वकील कोणीही नाही. म्हणजे ना आजोबांची लायब्ररी, ना वडिलांचे अशील, ना कोर्टाच्या आवारात "अरे, ही अमक्यांची मुलगी" म्हणणारं कोणी. आहे तो खिशातला फोन.

मग आम्ही हॉलचा स्टुडिओ केला. खिडकीकडे तोंड करून खुर्ची, फोन डोळ्यांच्या उंचीवर, पंखा बंद (माईकमध्ये त्याचा आवाज वादळासारखा येतो), आणि शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मौन. दोन तासांत तीन व्हिडिओ झाले. पहिला घरभाड्याच्या करारावर. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, असं आपल्यातले निम्मे लोक मानतात. महाराष्ट्रात ते चूक आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, आणि नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत आधी भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. (मला हे माहीत नव्हतं. दहा वर्षं भाड्याने राहिलो!) दुसरा व्हिडिओ चेक बाउन्सवर: बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, आणि मग समोरच्याला पैसे द्यायला पंधरा दिवस. तिसऱ्यात तिने एका अशिलाचं अडकलेलं डिपॉझिट कसं सोडवून दिलं त्याची गोष्ट सांगितली. नाव न घेता, पण झकास रंगवून.

एडिटिंगला बसलो आणि मी उत्साहाने विचारलं, "शेवटी तुझं नाव, नंबर आणि 'आजच संपर्क साधा' टाकू ना?"

ती दचकलीच. "नको नको! 'संपर्क साधा' तर अजिबात नको. आणि तो तिसरा डिलीटच कर. बोलताना भान राहिलं नाही."

"अगं, मग हा सगळा खटाटोप कशासाठी?"

उत्तरादाखल तिने मला बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ ऐकवला. आणि माझा पुढचा आठवडा त्या नियमाचा इतिहास वाचण्यात गेला. हा इतिहास एवढा मजेदार निघाला की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. (आधीच सांगतो: मी कोड लिहिणारा माणूस आहे. याला कायदेशीर सल्ला समजू नका.)

नियम ३६ चा मथितार्थ असा. वकिलाने काम मागायचं नाही आणि जाहिरात करायची नाही. प्रत्यक्ष नाही, अप्रत्यक्षही नाही. पत्रकं नाहीत, दलाल नाहीत, ओळखदेख नसताना भेटीगाठी नाहीत. आपण लढवत असलेल्या खटल्यांबद्दल वर्तमानपत्रांत काही छापून आणायचं नाही, त्या संदर्भात स्वतःचा फोटो द्यायचा नाही. ऑफिसची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी आणि तिच्यावर 'अमक्या प्रकारच्या खटल्यांचे तज्ज्ञ' असं लिहायचं नाही.

हे किती कडक असू शकतं त्याचा नमुना आपल्या मुंबईतच आहे. १९२९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका प्लीडरचं प्रकरण आलं. निकालात त्याचं नाव नुसतं 'एस' असं दिलंय. त्याने केलं होतं काय, तर पोस्टकार्डं पाठवली होती. त्यांवर नाव, पत्ता आणि आपण कोण याची माहिती. एवढीही मजल जाहिरातीत मोडते, असं कोर्टाने ठरवलं. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल आजही दाखला म्हणून येतो. विचार करा, एका पोस्टकार्डावर ही वेळ, तर मागे संगीत वाजणाऱ्या नव्वद सेकंदांच्या व्हिडिओचं काय!

आता मला वाटलं, हा नियम फार जुना असणार, अगदी रोमन काळापासूनचा वगैरे. तर नाही. प्रतिष्ठित माणूस धंदेवाईकासारखा ओरडत नाही ही समजूत इंग्रज बॅरिस्टरांमध्ये जुनीच, पण अमेरिकेत वकील एकोणिसाव्या शतकात बिनदिक्कत जाहिराती देत. खुद्द अब्राहम लिंकन यांनी १८३७ मध्ये स्प्रिंगफील्डला वकिली सुरू केली, तेव्हा त्यांच्या आणि त्यांचे भागीदार स्टुअर्ट यांच्या नावाची छोटी जाहिरात तिथल्या 'सँगमो जर्नल' या पत्रात आली होती. डॉक्टरांनी मात्र आधीच दार लावून घेतलं होतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १८४७ च्या संहितेतच जाहिराती आणि हँडबिलं हा डॉक्टरी पेशाला कमीपणा मानला होता. वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे अमेरिकन बार असोसिएशनने, १९०८ मध्ये तेच केलं. त्यांचा नियम क्रमांक २७.

हा नियम २७ मी वाचला आणि खुर्चीतच हसलो. पत्रकं, जाहिराती, ओळखीशिवायच्या भेटी, आपल्या खटल्यांबद्दल वर्तमानपत्रांत मजकूर पेरणं... आपल्या नियम ३६ मधली शब्दरचना जवळपास तीच! आमच्या धंद्यात याला कॉपी-पेस्ट म्हणतात. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टखाली आपली बार कौन्सिल स्थापन झाली आणि तिच्या नियमांत हा जुना अमेरिकन कोड जवळपास तसाच आला. यात वावगं काही नाही, चांगला कोड सगळेच उचलतात. अडचण पुढे आहे. मूळ कोडमध्ये १९७७ साली एक मोठा बदल झाला. आपली प्रत मात्र होती तशीच राहिली.

तो बदल घडवला दोन तरुण वकिलांनी. नावं जॉन बेट्स आणि व्हॅन ओस्टीन, राहणार फीनिक्स, राज्य अॅरिझोना. दोघं १९७२ चे पदवीधर. आधी गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेत नोकरी केली, मग १९७४ मध्ये स्वतःचं 'लीगल क्लिनिक' काढलं. कल्पना अशी, की फार श्रीमंत माणसाला वकील परवडतो, फार गरिबाला सरकारी मदत मिळते, मधला माणूस लटकतो. त्याच्यासाठी स्वस्तात साधी कामं करायची: सहमतीचा घटस्फोट, दत्तक, नाव बदलणं, वैयक्तिक दिवाळखोरी. हाताखाली मदतनीस, ठरावीक नमुन्यातले फॉर्म आणि आपोआप टाइप करणारी यंत्रं. म्हणजे टेम्प्लेट आणि ऑटोमेशन हो, १९७४ मध्ये!

पण कमी फीमध्ये भागायचं तर कामं भरपूर हवीत, आणि कामं यायची तर लोकांना कळायला हवं. दोन वर्षं ओढाताण केल्यावर त्यांनी २२ फेब्रुवारी १९७६ च्या 'अॅरिझोना रिपब्लिक' मध्ये जाहिरात दिली. त्यात न्यायाच्या तराजूचं चित्र आणि खाली दरपत्रक. सहमतीचा घटस्फोट १७५ डॉलर, अधिक २० डॉलर कोर्ट फी. नाव बदलणं ९५ डॉलर, अधिक २० डॉलर कोर्ट फी. बस, एवढंच. आपण नियम मोडतोय हे दोघांना पक्कं ठाऊक होतं.

तक्रार केली खुद्द राज्याच्या बारच्या अध्यक्षांनी. चौकशी समितीने सहा महिने सनद निलंबित करा म्हटलं, वरच्या मंडळाने ते एकेका आठवड्यावर आणलं, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या ठपक्यावर सोडलं. दुसरा कोणी सुटलो म्हणून घरी गेला असता. हे दोघे वॉशिंग्टनला गेले. २७ जून १९७७ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा काठावरच्या मतांनी निकाल दिला: नेहमीच्या कामांची आणि त्यांच्या दराची खरी माहिती देणारी जाहिरात सरसकट बंद करता येणार नाही.

न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिलेल्या या निकालात एक युक्तिवाद मला विशेष आवडला. जाहिरातीमुळे पेशाची प्रतिष्ठा जाते म्हणता? बँकवाले आणि इंजिनियर जाहिरात करतात, त्यांना कोणी अप्रतिष्ठित म्हणत नाही. (इंजिनियरांच्या वतीने मी आभारी आहे.) उलट गरज असूनही लोक वकिलाकडे जात नाहीत, कारण खर्च किती येईल याचा अंदाज नसतो आणि योग्य माणूस कुठे शोधायचा ते कळत नाही. थोडक्यात, माहिती दडवून ग्राहकाचं रक्षण होतं हे कोर्टाला पटलं नाही. याआधी १९७२ मध्ये ली बेनहॅम या अर्थशास्त्रज्ञाने चष्म्यांच्या किमती तपासल्या होत्या. ज्या राज्यांत जाहिरातीला बंदी, तिथे चष्मे किमान पाव पटीने महाग निघाले.

पण निकालात एक खिडकी मुद्दाम उघडी ठेवली होती. हा निर्णय छापील जाहिरातीचा. रेडिओ आणि टीव्हीचा वेगळा विचार करावा लागेल, असं कोर्टाने म्हटलं. म्हणजे व्हिडिओचा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच लटकलेला!

आणि त्यावर आयोवा राज्याने काढलेला तोडगा तर अफाट होता. ऐंशीच्या दशकातला त्यांचा नियम असा: वकिलाने टीव्हीवर जाहिरात द्यावी, मात्र आवाज एकच असावा, त्यात नाट्य नसावं, तो वकिलाचा स्वतःचा नसावा, मागे दुसरा कुठलाही आवाज नको, आणि पडद्यावर बोलले जाणारे शब्द सोडून काही दिसू नये. काही वकिलांनी नाट्यमय जाहिराती दिल्या, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९८५ मध्ये तिथे हा नियम टिकला. आमच्या रविवारच्या व्हिडिओत बहिणीचा चेहरा होता, तिचाच आवाज होता, शेजारचा कुकरही होता. आयोवात आम्ही तिन्ही कलमांखाली सापडलो असतो :-)

हसणं सोपं आहे, पण यामागची भीती अगदीच खोटी नाही. जाहिरात आणि गिऱ्हाईक पकडणं यांत फरक आहे, आणि बेट्सच्या दुसऱ्याच वर्षी, १९७८ मध्ये, त्याच न्यायालयाने तो दाखवला. ओहायोतला एक वकील मोटार अपघातात जखमी झालेल्या अठरा वर्षांच्या मुलीला भेटायला थेट हॉस्पिटलमध्ये गेला, तिची सही घेतली आणि पुढे तिच्या मैत्रिणीच्या घरी अंगावर टेप रेकॉर्डर लपवून गेला. असं समोरासमोर काम मागण्यावर बंदी घालता येते, असं कोर्टाने स्पष्ट केलं.

आणि हे पाहायला ओहायोला जायची गरज नाही. मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टात साठच्या दशकात काही वकील दारातच उभे राहत, येणाऱ्या पक्षकारांवर झडप घालत, हातातले कागद ओढत, एकमेकांची फी पाडत. महाराष्ट्र बार कौन्सिलने कारवाई केली आणि प्रकरण 'बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर' या नावाने सर्वोच्च न्यायालयात गाजलं. १९७५ च्या आसपासच्या त्या निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ठणकावलं, की वकिली हा व्यापार नाही आणि खटले म्हणजे विकायचा माल नाही. पोलिसांनी मुलाला उचललंय म्हणून रडत आलेली आई डोळ्यांसमोर आणा. तिच्या हातातला कागद कोणी ओढून घेत असेल, तर ते थांबवायलाच हवं. यात दुमत नाही.

म्हणजे गंमत बघा. साधारण त्याच दोन-तीन वर्षांत दोन देशांच्या सर्वोच्च न्यायालयांपुढे दोन चित्रं आली. फीनिक्समध्ये दरपत्रक छापणारे दोन होतकरू, मुंबईत दारात झोंबणारे वकील. दोन्हीकडे निकाल समोरच्या चित्राला धरून झाला, आणि दोन्हीही मला पटतात. फक्त आपल्याकडे दारातल्या झोंबाझोंबीसाठीचा नियम पोस्टकार्डालाही लागू आहे.

खुद्द इंग्लंडनेही १९८४ मध्ये सॉलिसिटरांना जाहिरातीची मुभा दिली. आपल्याकडे पहिली फट पडली २००८ मध्ये, तीही इंटरनेटमुळे. सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली होती, त्यानंतर बार कौन्सिलने नियम ३६ मध्ये सुधारणा करून वकिलांना वेबसाइटची परवानगी दिली. त्यावर काय टाकायचं याची यादीच आहे: नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं. म्हणजे जे पाटीवर चालत नाही ते वेबसाइटवर चालतं!

आपल्याकडच्या लॉ फर्मच्या साइटवर गेलात की आधी एक चौकट येते, 'मी स्वतःहून माहिती घ्यायला आलोय, मला कोणी बोलावलेलं नाही' अशा अर्थाची, आणि तिला होकार दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी नोकरीच्या सुरुवातीला अशी एक चौकट स्वतः कोड केली होती आणि तेव्हा मला ती निव्वळ कटकट वाटली होती. ती १९०८ च्या नियमाची जावास्क्रिप्टमधली आवृत्ती होती, हे आता कळलं.

मग आला खिशातला कॅमेरा. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा, १९ सेकंदांचा. पहिल्या आयफोनला, २००७ मध्ये, व्हिडिओ काढताच येत नव्हता. ते जमलं २००९ च्या मॉडेलला. २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा पाण्यासारखा स्वस्त झाला. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इंस्टाग्रामने भारतात रील्स आणल्या. बेट्स आणि ओस्टीन यांना जाहिरातीसाठी वर्तमानपत्रात जागा विकत घ्यावी लागली होती. आता जागा फुकट, छापखाना खिशात.

डॉक्टरांचंही तेच झालं. त्यांच्या २००२ च्या नियमांत दवाखाना सुरू केल्याचं किंवा जागा बदलल्याचं वर्तमानपत्रात कळवायची मुभा आहे, पण अवाढव्य पाटीला मनाई. २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम काढले. त्यांत सोशल मीडियावर कसं वागावं हेही होतं, अगदी लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नका इथपर्यंत. तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ते सगळे नियम स्थगित झाले. वकिलांच्या बाबतीत ३ जुलै २०२४ ला मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची ऑनलाइन जाहिरात करणाऱ्या साइटवर ताशेरे ओढले. आणि १७ मार्च २०२५ ला बार कौन्सिलने पत्रक काढून अभिनेते आणि इन्फ्लुएन्सर यांच्यामार्फत केलेल्या प्रसिद्धीवर तोफ डागली. असे व्हिडिओ ताबडतोब काढा, नाहीतर कारवाई.

आठवडाभर हे वाचून माझं जे मत झालं ते सांगतो. बंदी असली तरी वकिलांची नावं लोकांपर्यंत पोचतातच. मोठ्या वकिलाचं नाव रोज बातमीत येतं. दुसऱ्या पिढीच्या वकिलाचं आडनावच त्याची जाहिरात असते. क्लबात, लग्नात, कोर्टाच्या कँटीनमध्ये 'ओळखीतून' कामं मिळतात, आणि नियमाला ओळखीचं वावडं नाही. बंदीने अडते ती साताऱ्याहून आलेली, घराण्यात पहिली वकील असलेली मुलगी. आणि अडतो तो भाडेकरू, ज्याला नोंदणीची जबाबदारी कोणाची हे सांगणारं कोणी भेटत नाही.

पण मला दुसरी बाजूही दिसते, कारण ती माझ्या धंद्याची आहे. रील कोणाला दाखवायची हे आम्ही लिहिलेला कोड ठरवतो, आणि त्याला खरं-खोटं कळत नाही, माणूस किती वेळ थांबला एवढंच कळतं. घटस्फोटाबद्दल रात्री एक वाजता शोधणाऱ्या बाईला तो कोड असे पन्नास व्हिडिओ दाखवेल, आणि त्यांत सगळ्यात वर असेल तो सगळ्यात जोरात ओरडणारा. एस्प्लनेड कोर्टाचं दार आता तिच्या उशाशी आलंय. बार कौन्सिलला याची धास्ती वाटत असेल तर मी त्यांना हसणार नाही. फक्त उपाय म्हणून पोस्टकार्डावरचा नियम पुरणार नाही. खरी माहिती आणि ओढाताण यांच्यामध्ये रेघ ओढायला हवी, आणि ती ओढता येते हे १९७७ आणि १९७८ च्या त्या दोन निकालांत दिसतं.

हे सगळं शुक्रवारी रात्री फोनवर बहिणीला ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, तू म्हणतोस ते ठीक आहे. पण नियम बदलेपर्यंत सनद माझी आहे, तुझी नाही."

बरोबरच होतं तिचं. तिसरा व्हिडिओ डिलीट झाला. पहिले दोन आहेत, त्यांत नंबर नाही, संगीत नाही, 'संपर्क साधा' नाही. हेही चालेल का, याचं ठाम उत्तर तिच्याकडे नाही, त्यामुळे ते अजून तिच्या फोनमध्येच आहेत. घरभाड्याचा तेवढा तिला विचारून मी माझ्या घरमालकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "छान सांगितलंय. कोण हो या?"

उत्तर टाइप करायला घेतलं आणि थांबलो. त्यांना नाव कळवलं तर ती ओळख झाली की जाहिरात?

असो. उद्या तिलाच विचारतो.